समुद्रकाठची हिरवळ आणि तिचा खंड

सुट्टीचे दिवस जवळ आले की इंग्रजी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून एक ठराविक यादी प्रसिद्ध होऊ लागते. समुद्रकिनाऱ्यावरील कोणत्या गोल्फ मैदानांवर आयुष्यात एकदा तरी खेळावे, तेथे कोणत्या महिन्यात जावे, कोणत्या हॉटेलात उतरावे आणि एका फेरीसाठी किती पौंड मोजावेत, याची ती यादी असते. आमच्या बहुतेक वाचकांनी ती न वाचताच पान उलटले असेल. ज्यांनी वाचली असेल त्यांनी श्रीमंतांचे चोचले म्हणून ती बाजूला सारली असेल. ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे. परंतु ती पुरेशी नाही, असे आम्हांस वाटते. त्या याद्यांत ज्यांची नावे हटकून वरच्या क्रमांकावर असतात, त्या मैदानांची मालकी कोणाकडे आहे याचा शोध घेतला तर हाती येणारे उत्तर समाजवाद्याला विचारात पाडणारे आहे. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल येथे गोल्फच्या नावाने गावच्या गाव मागितले गेले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्या खेळावरच कोरडे ओढले. खेळाला शिव्या देणे सोपे असते. जमिनीचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट नजरेआड होतो.

प्रथम या मैदानांची जात समजून घेतली पाहिजे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि नांगरटीची जमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा एक अरुंद पट्टा असतो. त्याला तिकडे लिंक्स म्हणतात. या वाळूत पीक येत नाही. पाणी पडले की झिरपून जाते, म्हणून भर हिवाळ्यातही जमीन कोरडी राहते. खाऱ्या वाऱ्यात आखूड, चिवट गवत तेवढे तग धरते, आणि मेंढ्या व ससे ते कुरतडून आणखी आखूड करतात. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेले खड्डे हेच पुढे या खेळातील बंकर झाले, असे परंपरा सांगते. माणसाने आखण्यापूर्वी हे मैदान निसर्गाने आणि जनावरांनी आखले होते. पंधराव्या शतकात हा खेळ तेथे इतका फोफावला की १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉलबरोबर गोल्फलाही बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावतात, ही राजाची तक्रार होती. मूठभर सरदारांच्या खेळाला कायद्याने बंदी घालण्याची पाळी कोणत्याही राजावर येत नाही. बंदी घालावी लागते ती सारा गाव खेळतो म्हणून.

अर्थशास्त्राच्या वर्गात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकवताना सीमान्त जमिनीचे उदाहरण द्यावे लागते: जिच्यातून उत्पादनखर्चापलीकडे काहीच उरत नाही आणि म्हणून जिला खंड मिळत नाही, अशी जमीन. लिंक्स ही अशी जमीन होती. तिचा खंड शून्य होता म्हणून ती सर्वांची राहिली. तेथे गावकरी गुरे चारीत, कपडे वाळत घालीत, जाळी सुकवीत आणि खेळत. ज्या दिवशी परगावचा प्रवासी त्या वाळूवर खेळण्यासाठी पैसे मोजण्यास तयार झाला, त्या दिवशी या निरुपयोगी पट्ट्याला खंड उत्पन्न झाला. तो खंड कोणी निर्माण केला? जमीनदाराने नव्हे, कंपनीने नव्हे. समुद्राने, मेंढ्यांनी आणि शतकानुशतके तेथे खेळत राहिलेल्या गावाने. मग तो खावा कोणी? सुट्टीत खेळण्याजोगे मैदान कोणते, हा पुरवण्यांचा प्रश्न आम्ही या दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहू इच्छितो.

याद्यांतील पहिले नाव बहुधा सेंट अँड्र्यूज येथील ओल्ड कोर्सचे असते. या गावाच्या लिंक्सवर खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशप हॅमिल्टन याने १५५२ साली सनदेने मान्य केला. सनद झाली म्हणून हक्क सुरक्षित झाला नाही. तो तसा कधीच होत नसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावची नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि १७९७ मध्ये तिने हा पट्टा सशांच्या व्यापारी पैदाशीसाठी खुला केला. सशांनी बिळे पोखरून मैदानाची चाळण केली. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात कोर्टात आणि प्रत्यक्ष मैदानावर वीस वर्षांहून अधिक काळ झगडा चालला. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने जमीन घेतली आणि खेळ वाचला. परंतु वाचला तो एका धनिकाच्या मर्जीवर. ही मर्जी कायम राहीलच याची शाश्वती नव्हती. म्हणून १८९४ साली खास कायदा करून लिंक्सची मालकी नगरपालिकेकडे आणण्यात आली. पुढे १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील जुन्या नगरपालिका बरखास्त होण्याच्या वेळी आणखी एक कायदा झाला आणि कारभार सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे गेला. जमीन आजही लोकनियुक्त स्थानिक संस्थेच्या नावावर आहे.

ज्या 'रॉयल अँड एन्शन्ट' क्लबची भव्य दगडी इमारत प्रत्येक छायाचित्रात दिसते, तो क्लब या मैदानाचा मालक नाही. हे अनेक गोल्फ खेळणाऱ्यांनाही ठाऊक नसते. क्लबचे सभासद इतर खेळाडूंप्रमाणे सार्वजनिक जागेवर खेळतात. पहिल्या आणि अठराव्या पट्ट्याच्या मधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाची एक सार्वजनिक वाट आडवी जाते. जगातील सर्वांत नावाजलेल्या मैदानाच्या मधोमध कोणीही कुत्रा घेऊन, मुलाचा हात धरून समुद्राकडे चालत जाऊ शकतो आणि खेळणाऱ्याने त्याच्यासाठी थांबायचे असते. रविवारी, मोठ्या स्पर्धांचे मोजके दिवस सोडता, खेळच बंद असतो. त्या दिवशी ओल्ड कोर्स हे गावचे उद्यान असते, आणि जेथे आदल्या दिवशी एका फेरीला ३०० पौंडांहून अधिक मोजले गेले, तेथे म्हाताऱ्या बायका चालण्याचा व्यायाम करतात. गावकऱ्यांना १९४६ पर्यंत येथे खेळण्यास काहीच पडत नसे. आता त्यांना वर्षाचे तिकीट घ्यावे लागते, पण त्याच्या हिशेबाने पडणारी एका फेरीची किंमत आणि परक्या पाहुण्याकडून घेतलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विश्वस्त मंडळाच्या ताब्यात आज सात मैदाने आहेत आणि त्यांवर मिळून वर्षाला २ लाखांहून अधिक फेऱ्या खेळल्या जातात. ओल्ड कोर्सवरील वेळांचा मोठा हिस्सा रोज सोडतीने ठरतो. टोकियोचा उद्योगपती आणि ग्लासगोचा बसचालक यांची नावे एकाच सोडतीत जातात. जवळच हिमालय नावाची एक उंचसखल हिरवळ आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या क्लबची ती जागा. पुरुषांच्या मैदानावर काठी उंच उचलून फटका मारणे बायकांना शोभत नाही, अशा समजुतीच्या काळात त्यांच्यासाठी ती राखली गेली. आज थोड्या पैशांत तेथे शाळकरी पोरेही चेंडू ढकलत असतात. आपल्या हिमालयाचे नाव त्या चिमुकल्या उंचवट्यांना देण्यामागे साम्राज्यातून परतलेल्या कोणा साहेबाचा विनोद असावा.

हे चित्र सेंट अँड्र्यूजपुरते मर्यादित नाही. तेथून थोडे उत्तरेस कार्नूस्टी आहे. याच परिसरातील डंडी शहराच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालत. कार्नूस्टीची लिंक्स अर्ल ऑफ डलहौसी या घराण्याची होती. आपल्या इतिहासात संस्थाने खालसा करणारा डलहौसी होऊन गेला, तेच हे घराणे. १८९० च्या सुमारास अर्लने ही जमीन गावाला विकण्याचे ठरवले तेव्हा गावाकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी गोळा केली, जमीन विकत घेतली आणि स्थानिक संस्थेच्या स्वाधीन केली. जेथे १९५३ साली बेन होगन जिंकला आणि २०१८ पर्यंत आठ वेळा ब्रिटनची खुली स्पर्धा झाली, ते मैदान आजही त्या भागाच्या कौन्सिलच्या मालकीचे आहे. सुट्टीत येणारा पर्यटक जेव्हा कार्नूस्टीला 'जगातील अव्वल मैदान' म्हणतो, तेव्हा तो नकळत लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक मालमत्तेला दाद देत असतो.

याचा अर्थ तेथे रामराज्य अवतरले आहे असा नव्हे. एडिंबरोजवळच्या मुरफील्डच्या खासगी क्लबाने २०१६ पर्यंत स्त्रियांना सभासदत्व नाकारले. खुल्या स्पर्धेच्या यादीतून नाव कमी होताच २०१७ मध्ये फेरमतदान घेऊन त्याने दार उघडले. सेंट अँड्र्यूजच्या प्रतिष्ठित क्लबालाही ही सुबुद्धी २०१४ साली सुचली. जमीन सार्वजनिक असली तरी तिच्या काठावरचे वर्ग आणि लिंग यांचे कुंपण आपोआप कोसळत नाही.

दुसरी गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. सेंट अँड्र्यूजने लिंक्सचा खंड सार्वजनिक ठेवला, पण लिंक्समुळे शेजारच्या घरांना जो खंड चढला तो खासगीच राहिला. अठराव्या हिरवळीसमोरचे रस्ते स्कॉटलंडमधील सर्वांत महागड्या रस्त्यांत गणले जातात. परदेशी धनिक तेथे वर्षातून दोन आठवड्यांसाठी सदनिका घेतात आणि त्या गावात जन्मलेल्या गवंड्याच्या, परिचारिकेच्या मुलाला घर परवडत नाही. सार्वजनिक बागेची शोभा खासगी गॅलरीच्या किमतीत जमा होते, तसाच हा प्रकार आहे. हेन्री जॉर्जने १८८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये सभा घेऊन जमिनीच्या अनार्जित वाढीवर कर बसवण्याची मागणी केली, ती याच कारणासाठी. त्याच्या प्रेरणेने १८८४ साली तेथे जमीन-पुनःप्रस्थापना संघ उभा राहिला. त्याची मूळ मागणी मात्र अपुरी राहिली. जमिनीचा एक तुकडा समाजाच्या मालकीचा झाला आणि भोवतालचा खंड मोकळा सुटला, तर त्या तुकड्याचा सारा लाभ कुंपणापलीकडे वाहून जातो. आपल्याकडे पर्यटन केंद्राची नुसती घोषणा होताच आजूबाजूचे सातबारे कसे झपाट्याने हात बदलतात, हे कोकणातील कार्यकर्त्यांना सांगायला नको.

उत्तरेकडे सदरलँडमध्ये गेले की खंडाची ही कहाणी काळीकुट्ट होते. डॉरनॉख आणि ब्रोरा ही तेथील किनाऱ्यावरची दोन मैदाने सुट्टीच्या याद्यांत नेहमी असतात; एकांत, गोर्सची पिवळी फुले, निळे आखात यांची वर्णने वाचावीत. तो एकांत आला कोठून, हे पुरवण्या सांगत नाहीत. 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात मार्क्सने त्याचा हिशेब मांडला आहे. १८१४ ते १८२० या काळात सदरलँडच्या डचेसने सुमारे ३ हजार कुटुंबे, म्हणजे १५ हजार माणसे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीवरून हुसकून लावली. घरे जाळली, आणि ७ लाख ९४ हजार एकर जमीन कुळांच्या सामाईक वहिवाटीतून काढून आपल्या खासगी मालकीची केली. १८२५ पर्यंत माणसांच्या जागी १ लाख ३१ हजार मेंढ्या आल्या होत्या. हुसकलेल्यांना समुद्रकाठी ६ हजार एकर देण्यात आले, कुटुंबामागे दोन एकर. तोवर ती वाळू पडीकच होती आणि तिच्यापासून जमीनदाराला दिडकीचे उत्पन्न नव्हते. डचेसबाईंनी त्या पडीक वाळूवरही एकरी सरासरी अडीच शिलिंग खंड लावला. पुढे हे विस्थापित मासेमारीवर जगू लागले, तर त्या मासळीतही पैसा आहे हे जमीनदाराच्या ध्यानात आले आणि किनारा लंडनच्या मासळीच्या मोठ्या व्यापाऱ्यांना भाड्याने दिला गेला. १९०६ साली डॉरनॉखच्या गोल्फ क्लबला 'रॉयल' ही उपाधी मिळाली ती त्याच घराण्यातील एका डचेसच्या रदबदलीने. शून्य खंडाची जमीन जगात कायमची कोठेच नसते. तिच्यावर कोणाची तरी नजर पडायचाच अवकाश असतो.

तरीही विस्थापितांच्या वंशजांनी जे हक्क टिकवले, तेही येथेच पाहायला मिळतात. ब्रोराच्या मैदानावर क्रॉफ्टर म्हणजे लहान कुळांच्या गायी-मेंढ्या शतकभर सामाईक चराईच्या हक्काने चरत आल्या. हिरवळींभोवती विजेची तार लावायची, शेणावर चेंडू पडला तर उचलून बाजूला ठेवायचा, हे तेथील नियमांतच बसलेले. पश्चिमेच्या साउथ युइस्ट बेटावर आस्कर्निश नावाचे मैदान आहे. ओल्ड टॉम मॉरिस या विणकराच्या मुलाने ते १८९१ मध्ये आखले, मग ते विस्मृतीत गेले आणि २००८ मध्ये पुन्हा उभे राहिले. मधल्या काळात, २००६ साली, बेटावरील रहिवाशांनी मिळून सुमारे ९३ हजार एकरांची सबंध जहागीर विकत घेतली होती. मैदानासाठी किनाऱ्यावरची कुरणे वापरण्यास काही क्रॉफ्टरांनी विरोध केला आणि ते कोर्टात गेले. हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. समाजाची मालकी आली म्हणजे चराई आणि खेळ, आजची मिळकत आणि वडिलार्जित वहिवाट यांतला झगडा संपत नाही. तो झगडा गावातल्या गावात, समान पातळीवरच्या माणसांत होतो, एवढाच फरक. पण तो लहान फरक नव्हे.

त्याच देशात याच्या नेमके उलट काय होऊ शकते, हे अबर्डीनच्या उत्तरेस मेनी येथे दिसले. २००६ साली अमेरिकेतील बांधकाम व्यावसायिक डोनाल्ड ट्रम्प यांनी तेथील जहागीर घेतली. सरकत्या वाळूच्या टेकड्यांचा तो प्रदेश शास्त्रीय महत्त्वाचा म्हणून कायद्याने संरक्षित होता. ट्रम्प यांनी १०० कोटी पौंडांची गुंतवणूक, ४५० खोल्यांचे हॉटेल, शेकडो घरे आणि ६ हजार नोकऱ्या यांचे आश्वासन दिले. नोव्हेंबर २००७ मध्ये अबर्डीनशायर कौन्सिलच्या समितीने अध्यक्षांच्या निर्णायक मताने अर्ज फेटाळला. यानंतर जे घडले ते विकेंद्रीकरणावर विश्वास असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. समितीच्या अध्यक्षाला त्याच्याच सहकाऱ्यांनी पदावरून दूर केले, प्रकरण स्कॉटलंडच्या सरकारने आपल्याकडे ओढून घेतले आणि चौकशीचा उपचार उरकून नोव्हेंबर २००८ मध्ये परवानगी दिली. स्वातंत्र्याची आणि सामाजिक न्यायाची भाषा बोलणाऱ्या ॲलेक्स सामंड यांचे ते सरकार होते. डॉ. लोहिया ज्या चौखंबा राज्याचा आग्रह धरीत, त्याचा जिल्ह्याचा खांब कसा उखडला जातो हे पाहण्यासाठी अबर्डीनपर्यंत जावे लागत नाही. परंतु जेथे स्थानिक लोकशाहीची परंपरा जुनी म्हणतात, तेथेही तो इतक्या सहज उखडला जातो, हे नमूद केले पाहिजे.

जुलै २०१२ मध्ये मैदान खुले झाले. ४५० खोल्यांचे हॉटेल उभे राहिले नाही. खुल्या झाल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत कंपनीच्या वार्षिक हिशेबात नफा दिसला नाही, आणि तिच्या नोकरांची संख्या हजारांत नव्हे, शेकड्याच्या आसपास मोजावी लागली. टेकड्या मात्र गेल्या. वाळू सरकू नये म्हणून तिच्यावर गवत लावून ती बांधून टाकण्यात आली, आणि जिच्यासाठी संरक्षण होते ती सरकण्याची प्रक्रियाच थांबली. डिसेंबर २०२० मध्ये निसर्गसंरक्षण खात्याने त्या भागाचा संरक्षित दर्जा काढून घेतला. राखण्यासारखे काही उरले नाही, हे त्याचे कारण. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या तर खेळणाऱ्यांच्या दृष्टीला त्रास होईल म्हणून कंपनी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये हरली. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच जहागिरीवर दुसऱ्या मैदानाचे उद्घाटन झाले तेव्हा मालक अमेरिकेचे अध्यक्ष होते.

मेनीत एक शेतकरी-मच्छीमार आपले २३ एकर विकण्यास अखेरपर्यंत तयार झाला नाही. त्याच्या घराला उकिरडा म्हणून जाहीरपणे हिणवण्यात आले, सक्तीच्या संपादनाची मागणी पुढे आली. २०११ मध्ये ती सोडून द्यावी लागली. २०१० साली विरोधकांनी जहागिरीच्या मधला एक एकराचा तुकडा मिळवला आणि अनेकांची नावे मालक म्हणून त्यावर चढवली, जेणेकरून संपादनाची नोटीस एकावर नव्हे तर सर्वांवर बजावावी लागावी. आपल्या कार्यकर्त्यांनी ही युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पर्यटन पुरवण्यांच्या यादीत सेंट अँड्र्यूज आणि मेनी शेजारी शेजारी येतात. दोन्हींकडे समुद्र, वारा, वाळू आणि आखूड गवत आहे. खेळणाऱ्याला कदाचित मेनीची टेकाडे अधिक नाट्यमय वाटतील. आमच्या कसोटीने मात्र ही दोन मैदाने एका यादीत बसत नाहीत. त्यांच्यातला फरक खेळाचा नाही, मालकीचा आणि वाटेचा आहे. खेळाबद्दल आम्हांला आकस असण्याचे कारण नाही. क्रांतीनंतर फिडेल कास्त्रो आणि चे गेव्हारा यांनी हौसेने गोल्फची एक फेरी खेळल्याची छायाचित्रे जगभर गाजली, आणि हवानाच्या धनिकांच्या कंट्री क्लबाच्या हिरवळीवर १९६१ पासून कलाशाळा उभ्या राहू लागल्या. समाजवादी देशानेही पुढे वरादेरोच्या किनाऱ्यावर परकीय चलनासाठी अठरा होलचे मैदान बांधले, हेही खरे. मुद्दा असा की चेंडू आणि काठी निर्दोष आहेत.

आता तेरेखोल. नदीच्या उत्तर तीरावरचे हे छोटे गाव गोव्याचे असले तरी गोव्याच्या उर्वरित भूमीपासून नदीने तोडलेले आणि सिंधुदुर्गाला चिकटलेले. येथील किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला आणि पोर्तुगीजांचा तुरुंग पत्करला. येथून हाकेच्या अंतरावरील शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. गावची बहुतेक जमीन कागदोपत्री एका जमीनदार कुटुंबाची, कसणारी माणसे गावची, उत्पन्न काजूचे. ती जमीन एका कंपनीने घेतली, अठरा होलचे मैदान, हॉटेल आणि बंगले यांची योजना आली, शासनाने तिला पर्यटनाचा दर्जा दिला. आपण कुळे आहोत, ही जमीन विकण्याचा अधिकारच विकणाऱ्याला नव्हता, असे गावकऱ्यांनी म्हटले. २०१५ च्या सुमारास काजूच्या बागांवर यंत्रे आली तेव्हा संघर्ष पेटला आणि वाद न्यायालयांत व हरित न्यायाधिकरणापुढे गेला.

या योजनेचे समर्थक स्कॉटलंडचे नाव घेत असत. ती तुलना दोन्ही अंगांनी लंगडी आहे. लिंक्सवर गवत उगवते ते पावसाच्या बारमाही शिडकाव्यावर आणि वाळूच्या निचऱ्यावर. आपल्या किनाऱ्यावर सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने आकाश कोरडे असते. त्या आठ महिन्यांत, म्हणजे पर्यटकांच्या हंगामात, पन्नास-साठ हेक्टरांची हिरवळ हिरवी ठेवायची तर पाणी रोज उपसावे लागणार. कोकणात ते पाणी जांभ्याच्या सड्यातून झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते. सड्यावर हिरवळ आणि पायथ्याला टँकर, हा हिशेब मांडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय गवतावर मारलेली औषधे त्याच वाटेने विहिरीत उतरतात. पाणी, शेती आणि विस्थापन यांच्या या प्रश्नावर आशियातील संघटना २९ एप्रिल १९९३ रोजी पेनांग येथे एकत्र आल्या आणि गोल्फविरोधी जागतिक आंदोलनाची घोषणा झाली, ती उगीच नव्हे.

तुलनेचे दुसरे अंग मालकीचे. ज्यांना सेंट अँड्र्यूज आणायचे आहे त्यांनी ते संपूर्ण आणावे. जमीन ग्रामपंचायतीच्या नावे राहील आणि कंपनीला मिळालाच तर अल्प मुदतीचा पट्टा मिळेल. खंड दरवर्षी पंचायतीच्या खात्यात येईल आणि ग्रामसभेपुढे त्याचा हिशेब वाचला जाईल. गावच्या पोराला वर्षाच्या तिकिटावर खेळता येईल. समुद्राकडे जाणारी पाणंद मैदानाच्या मधून उघडी राहील आणि मासळीची पाटी घेतलेली बाई जात असताना पाहुणा काठी खाली ठेवून थांबेल. आठवड्यातून एक दिवस हिरवळ गावाची असेल. भोवतालच्या जमिनींचे भाव चढतील त्या वाढीवर कर बसेल. या अटींवर कोणी गुंतवणूकदार पुढे येतो काय, ते पाहावे. आला नाही, तर त्याला गोल्फ हवे होते की गाव हवे होते, याचा उलगडा आपोआप होईल.

सुट्टीत परदेशी जाणारे आमचे वाचक थोडे असतील; परंतु ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे उन्हाळ्यात जाणारे मराठी पालक आता पुष्कळ आहेत. त्यांनी एखादा रविवार काढून सेंट अँड्र्यूजला जावे. काठी-चेंडू लागत नाही, तिकीट लागत नाही. ग्रॅनी क्लार्कच्या वाटेने चालत वेस्ट सँड्सच्या किनाऱ्यावर उतरावे आणि परत आल्यावर आपल्या शाखेत त्याचे वर्णन करावे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही गोल्फ मैदान ओलांडून जाण्याचा हक्क दिला आहे, हिरवळींवर पाय न ठेवण्याच्या अटीवर. आपल्याकडे किनाऱ्यावरील हॉटेलाच्या पहारेकऱ्याने हटकले तर कोणता कायदा दाखवायचा, याचे उत्तर रापणकाराला अजून मिळालेले नाही.

किनाऱ्यावरील शाखांसाठी तातडीचे काम मात्र याहून साधे आहे. ज्या गावांत पर्यटनाच्या नावाने दलाल फिरू लागले आहेत, तेथे गोल्फ की हॉटेल की विमानतळ या चर्चेत शिरण्यापूर्वी तलाठ्याकडून सातबाराचे उतारे काढावेत. कसणाऱ्याचे नाव पीकपाहणीत आहे काय, चराईची, पाणंदीची आणि बंदराकडील वाटेची नोंद इतर हक्कांत आहे काय, हे एकेका गटाचे तपासावे. गोव्यातील साथींनी नमुना एक व चौदामधील कुळाचा रकाना पाहावा. जेथे तो कोरा असेल तेथे मामलतदाराकडे अर्ज आज दाखल झाला पाहिजे, खरेदीखताच्या नोंदणीनंतर नव्हे.